परदेशी विद्यार्थिनीला घेऊन एका दिवसात कित्तूरचा राजवाडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वरच्या मजल्यावर मलेशियाची एक मुलगी भाड्यानं राहते. बेळगावात डॉक्टरकी शिकायला तिकडून मुलं येतात, हे आता आमच्या भाजीवाल्यालाही पाठ झालंय. सुट्टीच्या दिवशी ही पोरं एक तर मॉलमध्ये जातात, नाही तर थेट गोव्याला. मी हिला एका रविवारी कित्तूरला, म्हणजे राणी चन्नम्माच्या गावी, घेऊन गेले. नंतर तिच्या मैत्रिणी आल्या, मग मैत्रिणींच्या मैत्रिणी. असं चार वेळा झालं. तेव्हापासून ज्यांच्या घरी अशी मुलं राहतात त्यांचे फोन सुरू झाले. "काकू, गाडी कुठून धरायची? तिथं बघायला काय आहे? तिला कागद लागतात का?" एकेकीला सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

कित्तूरच का? म्हैसूर का नाही?

म्हैसूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. एका दिवसात जाऊन येण्यासारखं ते नव्हेच. शिवाय म्हैसूरचा राजवाडा ही मुलं आपापली जातात. तो १९१२ साली पुरा झाला. झुंबरं, रंगीत काचा, सोन्याची अंबारी सगळं जागच्या जागी आहे, तिथं तुम्ही सोबत नसलात तरी काही अडत नाही. कित्तूरला अडतं. तिथं अर्ध्याहून जास्त वाडा पडलेला आहे आणि उरलेला अर्धा सांगणाऱ्याच्या तोंडात असतो. म्हणून न्यायचं तर तिथं न्यावं.

कोल्हापूरचा नवा राजवाडा जवळ पडत नाही का?

पडतो. बेळगावपासून एकशे दहा-पंधरा किलोमीटर. मेजर चार्ल्स मँट यानं आराखडा केला, १८७७ ते १८८४ या काळात तो बांधला गेला, मधोमध घड्याळाचा मनोरा, खाली संग्रहालय आणि वर राजघराण्याचा राबता. ज्यांना भरलेला, सजलेला, तलवारी-तसबिरींचा राजवाडा बघायचाय त्यांनी तिकडंच जावं. फक्त एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला वेगळी सांगायची गरज नाही, पण पाहुण्याला सांगावी लागते: सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या एसट्या निपाणीच्या अलीकडं-पलीकडं थांबतात. परतीची गाडी मिळेल की नाही ही काळजी घेऊन राजवाडा बघण्यात अर्थ नाही. निघायच्या दिवशी सकाळी बातम्या बघा, मग ठरवा.

कित्तूरला नेमकं उरलंय काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि खरं उत्तर दिलं की निम्म्या लोकांचा उत्साह मावळतो.

छप्पर नाही. लाकूडकाम जागेवर नाही. किल्ल्याची तटबंदी आहे, ठिकठिकाणी ढासळलेली. आत गेलं की वाड्याचा पडका भाग. जाडजूड भिंती कुठं डोक्याइतक्या, कुठं गुडघ्याइतक्या. जोती, दगडी पायऱ्या, विहिरी. आपल्यासारख्या मराठी माणसाला याचा नकाशा फार लवकर उमगतो, कारण वाड्याची रीत आपल्या हाडीमाशी आहे. पुढं बसायउठायची जागा, मग आतला चौक, मग माजघर, मागं स्वयंपाक नि पाण्याची सोय. आमच्या माहेरी चौसोपी वाडा होता, तो पाडून तीन मजली इमारत झाली. मी त्या मोकळ्या भिंतींमधून चालताना आधी उंबरा शोधते. उंबरा सापडला की खोली सापडते.

वाडा बांधला अल्लप्पगौडा सरदेसाई यांनी, १६५० ते १६८१ या काळात. ते कित्तूरकर देसायांच्या घराण्यातले पाचवे. घराण्याचे मूळ पुरुष दोघे भाऊ, हिरेमल्ल शेट्टी आणि चिक्कमल्ल शेट्टी, विजापूरच्या आदिलशाही फौजेबरोबर या मुलखात आले. त्यांचं ठाणं आधी संपगावला होतं. कित्तूरला गादी आणली ती अल्लप्पगौडांनी.

जवळच राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. शस्त्रं, कोरीव दारं-खिडक्या, शिलालेख, वीरगळ. पडका वाडा आधी बघायचा की संग्रहालय, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. माझं म्हणणं, संग्रहालय आधी. कोरीव दाराची चौकट डोळ्यात भरून घेतली की मग बाहेरच्या रिकाम्या भगदाडात ती आपोआप बसते. आमचे हे म्हणतात उन्हं चढायच्या आत वाडा उरकावा. उन्हाळ्यात त्यांचं खरं असतं.

जायचं कसं?

बेळगावपासून कित्तूर पन्नासेक किलोमीटर, पुण्याहून बंगळूरला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाला लागूनच. मध्यवर्ती बसस्थानकावरून धारवाड-हुबळीकडं जाणारी गाडी धरायची. हलगा, सुवर्ण विधानसौधा, हिरेबागेवाडी, मग एम. के. हुबळी. इथं मलप्रभा ओलांडताना पाहुणीला सांगा की हीच नदी पुढं बदामी-ऐहोळेच्या बाजूनं जाते. त्यानंतर कित्तूर.

आता कान देऊन ऐका. विनाथांबा गाडीत बसू नका. बेळगाव-धारवाड विनाथांबा गाडी महामार्गानं तशीच पुढं निघून जाते. पहिल्या खेपेला मीच, जन्मभर बेळगावात काढलेली बाई, रिकामी खिडकी बघून टुणकन चढले. पाटी वाचली नाही. तिकीट काढताना कंडक्टर हसला, म्हणाला आता धारवाडलाच उतरा. उतरलो. पेढा खाल्ला. आणखी तीसेक किलोमीटर मागं येऊन कित्तूर गाठलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ती मुलगी मात्र अजून सगळ्यांना सांगते की कित्तूरच्या सहलीत धारवाडचा पेढा असतोच.

चढण्याआधी कंडक्टरला तोंडानं विचारा: "कित्तूरला थांबते का?" पाटीवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको.

रेल्वे आहे का?

कित्तूरला नाही. आत्ताची गाडी बेळगावाहून खानापूर-लोंढ्यावरून धारवाडला जाते. कित्तूरमार्गे थेट रेल्वे मंजूर झालेली आहे, पण तुम्ही या रविवारी जाणार असाल तर बसच.

बायकांना बस फुकट आहे ना? मग तिला तिकीट का पडलं?

कारण शक्ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या महिलांसाठी आहे. ११ जून २०२३ पासून सुरू आहे. राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. माझं आधारकार्ड चाललं, तिचा पासपोर्ट चालला नाही, आणि चालणारही नाही. तिनं पूर्ण पैसे मोजले आणि मला विचारलं, "काकू, तुमचं तिकीट शून्याचं, मग ते फाडायचं कशाला?" हिशेबाला, असं सांगितलं. पटलं नसावं.

या योजनेमुळं रविवारी आणि अमावास्या-पौर्णिमेच्या देवदर्शनाच्या दिवशी गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. जागा हवी तर सकाळी आठच्या आत स्थानकावर पोचा.

पासपोर्ट, परवानगी, पोलिसात नोंद?

कित्तूर बघायला कसलीही खास परवानगी लागत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स पर्समध्ये ठेवायला सांगा, मूळ प्रत घरी कुलुपात. नोंदीचा प्रश्न मुक्कामाचा असतो. परदेशी माणूस तुमच्या घरी राहायला आला की घरमालकानं चोवीस तासांत ऑनलाइन नोंद करायची असते, ज्याला अजून सगळे सी-फॉर्म म्हणतात. पुष्कळ घरांत हे माहीतच नसतं. "पोरगी आहे, पाहुणी आहे" असं म्हणून चालत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याला यातलं काही लागू नाही.

कन्नड येत नसेल तर अडतं का?

बेळगाव शहरात मराठीवर निभतं. हिरेबागेवाडी मागं पडली की मराठी पातळ होत जाते आणि कित्तुरात ती बोलणारा भेटला तर नशीब. पण म्हणून घाबरायचं कारण नाही. चार शब्द पुरतात. "कोटे एल्लि?" म्हणजे किल्ला कुठं. "अरमने" म्हणजे राजवाडा. "एष्टु?" म्हणजे किती. आणि जेवताना "साकु", म्हणजे पुरे. हा शब्द आला नाही तर वाढणारा थांबत नाही.

माझ्या पिढीतल्या काही जणी कन्नड येत असूनही बोलत नाहीत, त्यामागं काय आहे ते आपल्याला माहीत आहे. पाहुण्या पोरीला त्या भांडणात ओढू नका. ती तिच्या कॉलेजात रुग्णांशी बोलायला कन्नडही शिकते आणि मराठीही. परवा मला म्हणाली, वॉर्डातल्या आजी एका वाक्यात दोन्ही बोलतात, मग वहीत कुठल्या पानावर लिहू?

कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरतं आणि गवत कमरेएवढं वाढतं. एप्रिलमध्ये त्या उघड्या भिंतींत सावली शोधावी लागते. मलेशियाची मुलं पावसाला घाबरत नाहीत, उलट बेळगावच्या डिसेंबरच्या थंडीला घाबरतात. स्वेटर न्यायला सांगा, सकाळच्या बसमध्ये लागतोच.

कित्तूर उत्सवात न्यावं का?

२३ ते २५ ऑक्टोबर हे उत्सवाचे दिवस. मिरवणूक, कुस्त्या, गाणी, दिव्यांची रोषणाई. उत्सव बघायचा असेल तर जरूर जा. वाडा बघायचा असेल तर त्या तीन दिवसांत जाऊ नका, माणसांशिवाय काही दिसणार नाही. एक नोव्हेंबरही टाळा. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिन एकाच दिवशी असलेल्या शहरात बसची खात्री कुणी द्यायची?

गोष्ट किती सांगायची आणि कुठून सुरू करायची?

इथं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कित्तूरला जाणं म्हणजे मुख्यतः हेच.

काकतीपासून सुरू करू नका. बहुतेक जण चन्नम्मा काकतीला १७७८ मध्ये जन्मली, घोड्यावर बसायला शिकली, वाघाची शिकार केली, असं सुरू करतात. मुलं माना डोलावतात आणि पंधरा मिनिटांनी फोन काढतात. वारसापासून सुरू करा. वारसाचा प्रश्न जगात सगळीकडं कळतो.

सप्टेंबर १८२४. कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्ज आजारी पडले आणि वारले. मूल नव्हतं. दत्तक घेतला, शिवलिंगप्पा. धारवाडला इंग्रजांचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट होता सेंट जॉन थॅकरे. त्यानं दत्तक मानायला नकार दिला. खजिन्यावर आपली माणसं बसवली. थोरल्या देसायांची, म्हणजे मल्लसर्जांची धाकटी राणी चन्नम्मा तेव्हा घरात वडीलधारी होती, पंचेचाळिशी ओलांडलेली. शिवलिंगरुद्र तिचा सावत्र मुलगा, थोरल्या राणीचा. तिनं अर्ज केले, पत्रं धाडली. पुण्यात दख्खनचा कमिशनर चॅप्लिन, मुंबईत गव्हर्नर एल्फिन्स्टन. आपल्या शाळेच्या पुस्तकात पुण्या-मुंबईच्या गोष्टीत येणारी हीच माणसं. कित्तूरचा कागद त्यांच्याच टेबलावर जात होता.

२३ ऑक्टोबर १८२४ ला थॅकरे फौजफाटा आणि तोफा घेऊन किल्ल्याच्या दाराशी आला. दार बंद. उघडा, नाही तर उडवतो, असा निरोप आत गेला. मग दार उघडलं, पण आतून कित्तूरची माणसं तुटून पडली. थॅकरे मारला गेला. गोळी अमटूर बाळप्पाची, असं कित्तुरात लहान पोरही सांगतं. वॉल्टर इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज अधिकारी जिवंत हाती लागले. त्यांना ओलीस ठेवलं, पण नीट वागवलं.

हा इलियट लक्षात ठेवा. तो जगला, पुढं मद्रासकडं मोठ्या हुद्द्यावर गेला आणि दक्षिणेतले शिलालेख, नाणी, शिल्पं गोळा करणारा विद्वान म्हणून नाव कमावलं. अमरावतीच्या स्तुपाचे जे कोरीव दगड लंडनला गेले, त्यांना कितीतरी वर्षं 'इलियटचे संगमरवर' म्हणत. कित्तूरचा कैदी पुढं जाऊन कन्नड शिलालेखांच्या नकला जमवत बसला. मला ही गोष्ट थॅकरेच्या मरणापेक्षा जास्त नवलाची वाटते, पण ती सांगताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

पुढचं थोडक्यात. इंग्रज दुप्पट तयारीनं परत आले. ओलीस सोडले तरी वेढा उठला नाही. या दुसऱ्या लढाईत सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रो पडला, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किल्ला गेला. चन्नम्माला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं. ती तिथून बाहेर आली नाही, १८२९ साली तिथंच गेली. तिचा माणूस संगोळ्ळी रायण्णा त्यानंतरही रानावनातून लढत राहिला. त्याला पकडून २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी दिलं. जन्म १५ ऑगस्टचा, मरण २६ जानेवारीचं. हा योगायोग पाहुणीला सांगताना आधी या दोन तारखा आपल्याकडं काय आहेत ते सांगावं लागतं.

दत्तक नामंजूर करणं हे डलहौसीचं धोरण ना? मग १८२४ मध्ये कसं?

बरोबर पकडलंत. डलहौसी आला १८४८ मध्ये. सातारा, झाशी, नागपूर ही सगळी नंतरची. कित्तूरची गोष्ट त्याच्या चोवीस वर्षं आधीची आहे. पाटीवर नाही तर कुणाच्या तोंडून 'डलहौसीच्या खालसा धोरणाविरुद्ध' असं ऐकलंत तर तिथं भांडू नका, पण मुलीला खरं सांगा. धोरणाला नाव मिळायच्या आधीच ते राबवायला सुरुवात झाली होती, एवढाच त्याचा अर्थ.

थॅकरे म्हणजे आपले ठाकरे?

नव्हे. कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे याचा हा काका.

पेशव्यांनी मल्लसर्जांना कैद केलं होतं, ते सांगावं का?

सांगावं. हा प्रश्न दोन ठिकाणांहून आला आणि दोन्हीकडं आवाज खाली करून विचारला गेला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लसर्जांना पुण्यात अडकवून ठेवलं होतं. सुटून परत येताना १८१६ मध्ये ते गेले. त्यानंतर दोन वर्षांत पेशवाई बुडाली, आणि १८१८ साली थॉमस मन्रोनं (हा वरच्या सब-कलेक्टर मन्रोहून वेगळा) बेळगावचा किल्ला घेतला तेव्हा कित्तूरकर इंग्रजांच्या बाजूला होते. ज्यांना मदत केली तेच सहा वर्षांनी दारात तोफा घेऊन आले. ही अर्धी बाजू लपवली तर चन्नम्मानं चॅप्लिनला पत्रं का लिहिली, तिला त्याच्याकडून न्यायाची आशा का होती, हे कळतच नाही. आपले आणि त्यांचे असं वाटून इतिहास सांगायला गेलं की गोष्टीला भोकं पडतात.

ती काय विचारेल, याची तयारी कशी करायची?

तयारी होत नाही. माझा अनुभव सांगते.

मी थॅकरेचं मरण रंगवून सांगितलं आणि थांबले. ती भिंतीवर बसली होती. म्हणाली, आमच्याकडं पण आहे असा एक. पेराक नावाच्या त्यांच्या राज्यात १८७५ साली बर्च नावाचा पहिला इंग्रज रेसिडेंट नदीकाठी मारला गेला. ज्या सरदाराला त्यासाठी फाशी दिली त्याचं नाव महाराजा लेला. हा 'महाराजा' आपलाच शब्द. ती गोष्ट तिथल्या प्रत्येक पोराला शाळेत शिकवतात. मग तिनं जे विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं: "थॅकरेला मारल्यावर राणीला वाटलं असेल का की आता संपलं, ते परत येणार नाहीत?"

दुसरा प्रश्न होता, राजाचे वंशज आता कुठल्या वाड्यात राहतात. तिला राजे नवे नाहीत. मलेशियात अजून नऊ राजघराणी आहेत आणि दर पाच वर्षांनी त्यांच्यातला एक जण अख्ख्या देशाचा राजा होतो. राजवाडा म्हणजे पहारा, बाग, गाड्या आणि वर्तमानपत्रातले फोटो, हे तिच्या डोक्यात. पडका राजवाडा ही कल्पनाच तिला वेगळी. इथं घाईनं समजूत घालायला जाऊ नका. तिला तिथं एकटं फिरू द्या.

आणि शब्दांचा खेळ. मलय भाषेत राजवाड्याला 'इस्ताना' म्हणतात, तो संस्कृतातल्या 'आस्थान'वरून आलेला. कन्नडमध्ये राजदरबाराला आजही आस्थानच म्हणतात. 'देसा' म्हणजे त्यांच्याकडं खेडं, आपल्याकडच्या 'देश'चं भावंड, आणि त्या देशाचा कारभार बघणारा तो देसाई. हे तिला देसाई म्हणजे कोण ते समजावताना सुचलं. 'राजा' म्हटलं तर खोटं, 'जमीनदार' म्हटलं तर हलकं, आणि इंग्रजी तर कुणालाच साधत नाही. वरच्या सत्तेला खंडणी देऊन आपल्या मुलखात राजासारखं राहणारा, असं मी सांगते. चुकत असेल तर कुणीतरी दुरुस्त करा.

जेवणाचं काय?

कित्तुरात साधी खानावळ मिळते. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे आपलं भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दही. मुसलमान मुली हलालची काळजी करतात, त्यांना शाकाहारी ताट सांगितलं की प्रश्न मिटतो. तिखटाला ही पोरं भीत नाहीत, सुकी मासळी कुटून केलेल्या मिरचीच्या चटणीवर वाढलेली आहेत. भाकरीची मात्र सवय लागते. पहिल्यांदा आमच्या पोरीनं ती पापडासारखी मोडून खाल्ली.

मी तरी दशम्या आणि बटाट्याची भाजी बांधून नेते. पाण्याच्या दोन बाटल्या माणशी. परतताना बेळगावचा कुंदा घ्या, पण बसमध्ये उघडू नका.

कपडे, बूट?

पायात बूट, डोक्याला टोपी किंवा ओढणी. गवतात शिरू नका. स्वच्छतागृहाला बसस्थानकावरच जाऊन घ्या.

काकती, बैलहोंगल, नंदगड एकाच दिवसात होतील का?

होतील, गाडीतून खाली न उतरता. काकती बेळगावच्या उत्तरेला, कोल्हापूरच्या वाटेवर, म्हणजे अगदी उलट दिशेला. नंदगड खानापूर तालुक्यात, वाट निराळी. बैलहोंगलला चन्नम्माची समाधी आहे. स्वतःचं वाहन असेल तर कित्तूरहून तेवढं जोडता येतं, आणि जोडावं. बसनं असाल तर कित्तूर एके कित्तूर. एकदा भाड्याच्या गाडीवाल्यानं आम्हाला चारही ठिकाणं दाखवतो म्हणून पहाटे सहाला उठवलं. दिवसभरात मी नऊ वेळा चहा प्याले आणि एकाही ठिकाणी पंधरा मिनिटांवर थांबले नाही. ते पैसे अजून टोचतात.

वाड्यातून ध्रुवतारा दिसायचा, हे खरं का?

कित्तूरला गेलेला प्रत्येक माणूस हेच सांगत येतो. वाड्याच्या भिंतीत ध्रुव बघण्यासाठी नळीसारखं भोक ठेवलेलं आहे, त्याला डोळा लावला की रात्री तारा दिसायचा. ही कल्पना सुंदर आहे आणि तिच्यात हिशेबही आहे. ध्रुव क्षितिजापासून साधारण तेवढाच वर दिसतो जेवढे त्या गावाचे अक्षांश. कित्तूर साडेपंधरा अंशांवर आहे. म्हणजे नळी उत्तरेकडं तोंड करून साधारण तेवढीच वर कललेली हवी. अल्लप्पगौडांच्या काळी तारा बरोबर ध्रुवबिंदूवर नव्हता, अडीचेक अंशांनी बाजूला होता, त्यामुळं रात्रभरात तो थोडा सरकायचा. बारीक नळीतून बघणाऱ्याला ते कळलंही असेल.

दिवसाच्या सहलीत अर्थातच काही दिसत नाही. भोकातून उजेड दिसतो.

मग ध्रुव दाखवायचा कुठून?

घरच्या गच्चीवरून. हे मला आधी सुचलं नव्हतं. त्या मुलीनंच सांगितलं की तिनं ध्रुव कधी बघितलेलाच नाही. क्वालालंपूर विषुववृत्तापासून तीन अंशांवर आहे, तिथं ध्रुव जमिनीला चिकटून असतो आणि धुरकटात, इमारतींत बुडून जातो. आमच्याकडं लग्नात नवरीला दाखवतात तो तारा हिच्या गावात दिसतच नाही, हे ऐकून मी चकित झाले.

बेळगावात तो जवळजवळ सोळा अंश वर असतो. हात सरळ पुढं करून मूठ धरली की एक मूठ दहा अंश भरते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर अर्ध्याहून थोडी जास्त. उन्हाळ्यात सप्तर्षींवरून रेघ ओढून सापडतो. नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी खाली बुडालेले असतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाचा वाकडा-तिकडा 'एम' धरून जावं लागतं. तारा फार ठळक नाही. शहराच्या उजेडात आधी पाचेक मिनिटं डोळे सरावू द्या आणि रस्त्यावरच्या दिव्याकडं पाठ करा.

कित्तूरहून आलो त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही वर गेलो. आधी तिनं मोबाइलच्या टॉवरवरचा लाल दिवा दाखवला. नंतर एक विमान. मग मुठी मोजल्या, तिची मूठ लहान, म्हणून दोन धराव्या लागल्या. खाली काकतीच्या बाजूच्या महामार्गावर ट्रकांचे दिवे, आणि त्यांच्या बरंच वर एक फिकट ठिपका. "हाच?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग ती बराच वेळ तो हलतोय का ते बघत उभी राहिली, आणि मी वाळत घातलेले कपडे काढून घेतले.